काचेतला तक्ता

३ मार्च, सोमवार
बंद! आजपासून महिनाभर आमच्या रस्त्यावर गाड्या बंद, फक्त पायी चालायचं. प्रयोग म्हणे! माझ्या चष्म्याच्या दुकानात येतात ती गाडीवाली गिऱ्हाइकं, हे पालिकेला कोण सांगणार? आमचे हे व्यापारी मंडळाचे अध्यक्ष. म्हणाले, "महिना असाच गेला तर दुकानाला कुलूप." विरोधाच्या पत्रावर पहिली सही माझी.

४ मार्च
काळं कुत्रं फिरकलं नाही. बसून काय करायचं? आतली भिंत रंगवायला काढली. डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता तेवढ्यापुरता काचेत उभा केला, तोंड रस्त्याकडे.

७ मार्च
आज गंमतच! भाजीची पिशवी घेतलेली एक बाई काचेबाहेर थांबली. तळहातानं एक डोळा झाकला, ओठ हलवत वाचत गेली. चौथ्या ओळीला अडखळली — आणि सरळ आत! "अहो, तुमचा तक्ता पुसट झालाय का?"
तक्ता नवा कोरा आहे.

८ मार्च
आज पाच जण.

१२ मार्च
भिंत कधीच वाळली. तक्ता आत न्यायला मन होत नाही.
एकोणीस वर्षं मी या खुर्चीत बसते. रस्ता म्हणजे माझ्या लेखी नुसते हॉर्न. आणि आता ही माणसं! पायी चालणारं माणूस किती ठिकाणी थांबतं! आजोबा-आजोबांची पैज लागते, मुली एकमेकींचे डोळे झाकतात. शेजारचा शिंपी म्हणाला, "वहिनी, तुमच्याकडे थांबलेले माझ्याकडे बटणं लावून घेतात हो." एवढी माणसं इतके दिवस होती कुठे? मी थक्क होऊन बघतच राहते.

१३ मार्च
यांना सांगितलं. "चार दिवसांचं कौतुक!" हे अजून मागच्या रस्त्यानं गाडीनंच आपल्या गोदामात जातात. इकडे पाऊल नाही.

२६ मार्च
पत्रावरची माझी सही खोडली. परवा मंडळाची सभा, तिथेच पत्र द्यायचंय.

२७ मार्च
हे आले — पायी! हातात पत्र. सगळ्यांदेखत ओरडले, "सही कोणी खोडली?" मी काही बोलायच्या आत शिंपी म्हणाला, "अध्यक्ष, आधी हा काचेतला तक्ता तर वाचून दाखवा!" लोक हसले. यांनी ऐटीत उजवा डोळा झाकला. डावा चोळून पुन्हा बघितलं. मग हळूच मला म्हणाले, "अगं, अक्षरं कुठायत?"
हात धरून आत आणलं. पत्र बाहेरच पडून राहिलं.