ब्लूबेरीच्या बुडाला राख

बेळगाव, बुधवार, माघ. सन १९३८.

डॉक्टरीणबाईंचं पत्र आज अमेरिकेहून आलं. दवाखाना सोडून मायदेशी जाताना त्यांनीच हे ब्लूबेरीचं रोप आप्पांच्या हातात दिलं होतं. लिहितात, या झाडाला आंबट माती लागते, चुलीची राख म्हणजे त्याला विषच.

आणि आप्पा रोज सकाळी चाचपडत परसात जाऊन बुडाला मूठभर राख घालतात. जन्मभर शेती केलेला माणूस. डोळे गेल्यापासून त्यांच्या हाताला एवढं एकच काम उरलंय. कसं सांगू? बदली रोप आणावं तर इथं कुठलं मिळायचं...

संध्याकाळी धीर करून त्यांच्याजवळ बसलो. ते बोटांनी पानं चाचपत होते. परवा अकरा होती, आज सात.

“पानं गळायल्यात रं,” ते म्हणाले.

“आप्पा, ती राख...”

“व्हय, मला बी त्येच वाटतंय. राख कमी पडतीया. उद्यापासनं दोन येळा घालतो.”

त्यांनी माझ्या बायकोला हाक मारून राख चाळून ठेवायला सांगितली.

तिनं दुपारीच पत्र वाचलं होतं. माझ्याकडं एकदा बघितलं आणि चाळण घेऊन चुलीपाशी बसली.