सुमनला हाक कशी मारू

४ जाने., कोरेगाव
सांगलीच्या डॉक्टरांनी तारीख दिली. १२ ला ऑपरेशन. घशातल्या गाठीसोबत स्वरयंत्र पूर्ण काढणार. श्वास मानेच्या भोकातून. अठ्ठावीस वर्षं स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारल्या. डॉक्टरांना नुसतं ‘बरं’ म्हणालो. येताना गाडीत बायको, सुमन, फाइल मांडीवर धरून बसली होती. बोलून घ्यायला हवं होतं.

७ जाने.
मुलगी रूपाली पुण्याहून आली. लॅपटॉप आणलाय. साधा, वहीसारखा पातळ. “अण्णा, नंतर जड उचलायचं नाही, म्हणून हाच बघितला. तुम्ही टाइप करायचं, हा बोलणार.” मोबाइलवर जमत नाही, माझ्या बोटाखाली दोन अक्षरं एकदम येतात. ‘पाणी’ टाइप केलं. कुणी तरणा माणूस घरात शिरून बोलल्यासारखं वाटलं. झाकण लावलं.

९ जाने.
सराव. ‘ळ’ सापडत नाही. ‘मला श्वास घेता येत नाही’ एवढं लिहायला दीड मिनिट, रूपालीनं घड्याळ लावलं होतं. “वाढेल स्पीड.” मान डोलवली. पण तेवढा वेळ श्वास कोण धरणार?

११ जाने., सांगली
दवाखान्यात. सुमनला म्हटलं, काय इचारायचं आसंल तर आज इचार. “काय इचारू? भाजी काय करू, हेच इचारत आले जन्मभर.” हसलो दोघंही. मग तिनं हात सोडलाच नाही.

२५ जाने., कोरेगाव
काल घरी आलो. खोकला मानेतून येतो, दरवेळी दचकतो. लॅपटॉप मांडीवर, नाहीतर बगलेत. वजन जाणवत नाही, म्हणून कुठं राहिला की काय असं वाटून सारखा चाचपतो. दुपारी दोन तास लाइट नव्हती. चार्जिंग उतरत गेलं तसा घाम.

२ फेब्रु.
सकाळी अंगणात बसलो होतो. सुमन रस्त्याकडेला भाजी घेत होती, पाठ माझ्याकडं. उसाची ट्रॉली रिव्हर्समध्ये तिच्याकडं येत होती. ट्रॅक्टरवर गाणी जोरात, ड्रायव्हरला ती दिसत नव्हती. तोंड उघडलं. नुसती हवा, तीही मानेतून. टाइप करायला गेलो, ‘सु’ एवढंच झालं. लॅपटॉप उचलला आणि लोखंडी फाटकावर आपटला. तीनदा. ती वळली, सरकली. चाक पदराजवळून गेलं.
आत आल्यावर म्हणाली, “आवं, मोडला की वो.” मी रडत होतो. त्याचाही आवाज नाही.

३ फेब्रु.
चालू होतोय. कोपरा चेपलाय, पडद्यावर उभी रेघ. रूपालीला कळवलं नाही. सुमननं बाजारातून शिट्टी आणली, दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. ओठात धरून फुंकली. हवा मानेतून गेली. दोघंही विसरलो होतो. तिनं हळूच काढून घेतली.

९ फेब्रु.
सोमवारी सांगलीला तपासणी. गाठ परत आहे का बघणार. त्याची धास्ती सुमनला अजून लिहून दाखवली नाही. दुपारी लॅपटॉपचा आवाज पूर्ण वाढवून ‘सुमन’ टाइप केलं. परसातून ती म्हणाली, “ओऽ, आले.” मला म्हणायची अगदी तशीच. त्या परक्या आवाजाला. बरं वाटायला हवं होतं, भीतीच वाटली.
“काय वो?” पदराला हात पुसत समोर उभी. बोटं अक्षरांवर ठेवली. तपासणीची धास्ती लिहावी, का नुसता चहा मागावा.
ती वाट बघत होती.