नववी ‘ब’मधला हुकूमशहा

मी, टी. एस. रघोजीराव, वय वर्षे ७८, निवृत्त समाजशास्त्र शिक्षक, राहणार मेलवीदी, तंजावर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. कोणाचेही दडपण नाही. माझ्यावर दडपण आणू शकणारी एकच व्यक्ती होती, माझी पत्नी कनकलता, आणि तिला जाऊन नऊ वर्षे झाली.

१. राहते घर व बँकेतली ठेव मुलगा प्रतापसिंह आणि मुलगी भुवना यांना निम्मी-निम्मी. मध्ये भिंत घालू नये. वरची खोली प्रतापसिंहाने चेन्नईहून आल्यावर वापरावी, म्हणजे पोंगलचे दोन दिवस.

२. भिंतीवरचा जगाचा नकाशा, सागवानी छडी आणि ‘लोकशाही व हुकूमशाही : बारा फरक’ हा माझ्या अक्षरातला तक्ता भुवनेला. ती पापनाशमच्या एका हायस्कुलात माझाच विषय शिकवते. शिकवते मात्र शेषाद्रीच्या पद्धतीने.

३. शेषाद्रीराव, राहणार तिरुवैयारु, माझा जुना सहकारी, आपल्याच मराठी लोकांपैकी. त्याला काहीही देऊ नये. कारण लिहून ठेवतो.

१९९९ साली नववी ‘अ’ माझ्याकडे, ‘ब’ त्याच्याकडे. धडा एकच. मी बारा फरक फळ्यावर लिहून घोकून घेतले. माझा वर्ग परीक्षेत पुढे राहिला. त्याने काय केले? एक आठवडा वर्गावर हुकूमशहा नेमला, दुसऱ्या आठवड्यात मतपेटी ठेवली. माझी मुले माना लांब करून खिडकीतून तिकडे बघत. शिक्षकदिनी हार पडला त्याच्या गळ्यात. माझ्या पोटात दुखले. आजही दुखते.

आणि हुकूमशहा कोण झाला? ‘ब’मध्ये शिकणारी माझी भुवना. माझा जुना चष्मा लावून, माझी छडी घेऊन ती माझ्यासारखी खाकरली आणि म्हणाली, “मान वर आली तर बघा!” वर्गाने तत्क्षणी ओळखले. शाळाभर माझे हसे झाले. त्या दिवसापासून मी शेषाद्रीशी एक शब्द बोललो नाही. भुवना मात्र अजूनही दर रविवारी त्याच्याकडे जाते. लोकांना आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे. इथे माझेच कार्टे त्याचा बाब्या होऊन बसले.

४. म्हणून अट : भुवनेने रविवारी तिरुवैयारुला जाणे बंद करावे. न केल्यास तिचा घराचा हिस्साही प्रतापसिंहाला जावा.

५. वकील वासुकीबाई म्हणाल्या होत्या, तमिळमध्ये लिहा. मी ऐकले नाही. आमच्या घराण्यात मृत्युपत्र मराठीतच होते. वरची चार कलमे लिहून झाल्यावर ध्यानात आले की माझ्या दोन्ही मुलांना मराठी कळते, पण देवनागरी वाचता येत नाही. ती मी कधी शिकवलीच नाही, बारा फरक शिकवले. चौकशी केली, तर माझे अक्षर घडाघडा वाचणारा ओळखीत एकच निघाला. तेव्हा माझ्यामागे हे वाचून दाखवण्याचे काम शेषाद्रीकडे. त्याला साक्षीदारही केले आहे, कारण साक्षीदाराला मिळकतीतले काही देऊ नये असा वासुकीबाईंचा सल्ला आहे.

६. तो आज दहाच्या बसने आला. झोपाळ्यावर बसून सगळे वाचले. चौथ्या कलमाशी थांबला.

“रघोजी, तूं अर्धंच ऐकलास पा. आठवडा संपला तसं मी विचारलों, ह्या हुकूमशहाला कोण ठेवून घेतो? अस्के हात खाले, एकही वर नाही. तुझी पोरगी छडी खाले ठेवली, चष्मा काढली, आणि एकटीच हात वर केली.”

“मग मला सांगितलं कां नाहीस?”

“तूं बोलत होतास काय माझ्याशी?”

कलम ४ रद्द. भुवनेने कुठल्याही रविवारी कुठेही जावे.

७. माझ्यासाठी वर आलेला तो हात त्याने पाहिला, मी नाही. मला शेषाद्रीचा आज कालच्यापेक्षाही जास्त हेवा वाटतो. हे वाक्य त्याने भुवनेपुढे मोठ्याने वाचावे.

लिहिणार : टी. एस. रघोजीराव (सही)
आम्हां दोघांसमक्ष सही केली :
१. शेषाद्रीराव, तिरुवैयारु (सही)
२. वासुकी, वकील, तंजावर (सही)
तंजावर, मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५