मायखुंटा

३ एप्रिल १९५५

फूऽऽस्! आणि मागून वाळूवर पाणी झिरपावे तसा बारीक फिसफिसाट.

पहाटे तळ्याच्या पाळीवर बसलो होतो. एक मोठी मरळ श्वास घ्यायला वर आली. ‘बुडुक’ एवढाच आवाज, आणि गेली खाली. पण माझ्या कानात तो दुसरा आवाज जागा झाला, जगन्नाथपुरीचा! पन्नासावर वर्षे लोटली. मी बाबांचे बोट धरून यात्रेला गेलेलो. भरती ओसरलेली, आणि देवमासा वाळूत रुतून पडलेला. आमच्या घराएवढा! श्वास सोडी तेव्हा वाटे, शंभर लोहारांचे भाते एकदम चालले. तिथले कोळी, आमच्यासारखे यात्रेकरू, ज्याच्या हाती जे लागेल त्याने पाणी आणून ओतत होते. लोटे, घागरी, भिजवलेली धोतरे. मीही ओतले. आमच्याच जथ्यात चिचगडची एक परकरी पोर होती, सुशी नावाची. तिने आईचे जुनेर भिजवून त्याच्या डोळ्यावर पांघरले. म्हणाली, “ऊन लागते ना त्याले.”

मग बाबांनी ओढत नेले. गाडीची वेळ झाली होती. पुढची भरती मी पाहिलीच नाही! तो पाण्यात गेला की तिथेच मेला, आजवर ठाऊक नाही. शाळेत मास्तर होतो तोवर दर वर्षी चौथीच्या पोरांना ही गोष्ट सांगितली. शेवट आला की म्हणायचो, “चला, घंटा झाली.”

घरी येऊन हिला सांगितले, आज पुन्हा तो आवाज आला. चुलीपुढून न वळता म्हणाली, “एक मासा पाह्यला अन् जनमभर त्याच्याच श्वासावर जगून राहिले तुमी.”

खोटे नाही.

६ एप्रिल

सडक अर्जुनीहून नागपूरचा पेपर आला. शिळा, पुडीसाठी फाडलेला, पण एका कोपऱ्यात काय मजकूर! देवमाशांची शिकार करणाऱ्या देशांनी म्हणे आपसात करार केला आहे. पिलू संगतीला असलेली मादी मारायची नाही. वर्षाला किती धरायचे त्यालाही हद्द.

दोनदा वाचले. डोळे भरून आले — म्हातारपण! कुठले देश, कुठले समुद्र, मी कधी पाहणार नाही. पण कोणीतरी कुठेतरी ‘पुरे’ म्हणाले.

देवकाबाई वाटेत भेटली. मासे धरणाऱ्या ढिवरांच्या टोल्यात तिचा शब्द चालतो, जाळे कधी टाकायचे ते तीच सांगते. तिला वाचून दाखवले. तिने पानाची पिंक टाकली. “येवढे मोठे लोक, अन् पिलावाली माय मारू नये हे आता समजलं त्याहिले? आमच्या डोहाले येऊन पाहाचं होतं ना जी.”

हसू आवरेना मला.

१० एप्रिल

तळ्याच्या मासोळीचा ठेका गेला. मालगुजारी होती तोवर घरचा कारभार होता, आता लिलाव. गोंदियाच्या घनश्यामसेठने घेतला. पाळीवर उभा राहून त्याने तळ्यातल्या खोल डोहाकडे बोट केले. “वो गड्ढा खाली करो. माल तो वहीं है.”

माल!

इथे लिहून ठेवतो, म्हणजे मन शांत होईल. आम्ही कोहळी, पिढ्यान्‌पिढ्या तळी बांधणारे; आमच्या तळ्याला तुडूम असते, पाळीतून पाणी सोडायचे दगडी तोंड. त्यात एकाखाली एक भोके, भोकाभोकांत लाकडी खुंटे. शेताला लागेल तसा वरून एकेक खुंटा काढत जायचे. सगळ्यांत खालचा तो मायखुंटा. तो काढायचा नाही. त्याच्या आडचे पाणी डोहातल्या माशांच्या मायांचे. उन्हाळा त्या तिथे काढतात, आणि तळे भरले की त्यांच्या पोटचे सगळीकडे पसरते. डोहात जाळे नाही, गळ नाही. भुकेच्या सालातही नाही.

आणि खुंटा कोणताही असो, घाव कोहळ्याने घालायचा, बुडी ढिवराने मारायची. वरून एक ठोकतो तेव्हा खालून दुसरा पिळतो. एकट्याने निघतच नाही! बांधणाऱ्यांनी कुलपाला दोन किल्ल्या केल्या. एक आमच्या घरात ठेवली, एक ढिवरटोल्यात. असे डोके आता कोणाला आहे?

देवकाबाईने सेठला सांगितले, “वरचं सारं घेऊन जा. डोह नाई भेटत.”

म्हणजे झाले. एक किल्ली तर हलत नाही. सुटलो.

११ एप्रिल

आज जुनी वही उघडली. पोरांसाठी जुळवलेल्या ओळी —

सागरा रे सागरा, किती तुझा थाट,
आमच्याही तळ्यामध्ये उठते एक लाट.

वर्गात सगळे एका सुरात म्हणत. मागच्या बाकावरचे मुद्दाम बेसूर. आता तेच बेसूर गळे नातवंडांना ही ओळ शिकवतात. ऐकले की बरे वाटते. आपले काहीतरी मागे राहिले!

१५ एप्रिल

केशोराव आला होता. माझा पुतण्या. तुडुमाचा घण आता त्याच्याकडे असतो, भाऊ गेल्यापासून. बसला नाही. उभ्यानेच, “काका, ऊस वाळून राहिला माझा. खाली येवढं पाणी हाय, अन् आपण पाहात राहाचं?”

मी म्हटले, ते आपले पाणी नाही.

“मंग कोनाचं? मासोळीचं? मासोळी काय जमीन कसते?”

ही आतून म्हणाली, “तुझ्या आज्यानं त्याहून वाईट साल पाह्यलं, केशोराव. त्याच्या बी शेतात ऊसच होता.”

त्याने पेला उचलला. पाणी प्यायला, गेला. चेहरा मला आवडला नाही. पण ढिवरांवाचून करणार काय?

१८ एप्रिल

काढला. मायखुंटा काढला!

सकाळी पाळीवर गेलो तर पाटातून पाणी धो धो चाललेले. सेठने कुठूनसा बुडी मारणारा आणला, घाव केशोरावने घातला. काल दिवस बुडता बुडता, कोणी पाहू नये म्हणून. केशोरावचा बेत सरळ होता. रात्रभर ऊस भिजवायचा, सकाळी खुंटा पुन्हा ठोकून द्यायचा. सेठला वाटले, खाली झाले तर सगळेच आपले.

पण खुंटा परत बसेना! पणज्याच्या काळापासून पाण्यात राहून फुगलेले लाकूड ते. बाहेर निघाले ते निघाले, भोकात शिरायचे नाव नाही. केशोराव कमरेएवढ्या चिखलात उभा राहून घण घालतो आहे, डोळ्यांत पाणी. “काका, जाऊन नाई राहिला हो आत! काऊन नाई जाऊन राहिला?”

त्याला कोणी शिकवलेच नव्हते. आम्ही प्रत्येक पोराला एवढेच शिकवले, मायखुंटा काढायचा नाही. काढला तर काय, हे सांगायची पाळी कोणावर आलीच नव्हती. मलाही ठाऊक नव्हते!

डोह बसत चालला. कडेचा चिखल उघडा पडला, आणि त्यावर त्या. मोठमोठ्या रोहू, अंगावर शेवाळ चढलेल्या, कल्ले उघडताहेत, मिटताहेत. पाळीवर गाव गोळा झालेले, हातात टोपल्या. खरे सांगतो, टोपल्या पाहून वाटले, संपले. उन्हाळ्याचे दिवस, घरोघर कोरडी भाकर. कोण सोडणार?

तेवढ्यात देवकाबाई खाली उतरली. लुगड्याचा पदर पाण्यात पिळला, सगळ्यांत मोठ्या माशावर टाकला, कवेत घेतला, लेकराला घ्यावे तसा. मागे वळून ओरडली, “पाहाता काय, बायाहो? ओलं करा, उचला, खोल पाण्यात न्या! अन् दुधराम, तू मर तिकडे भोकात!”

दुधराम तिचा थोरला. भाताच्या तणसाचे भारे, काळी माती, आणि वरून देवकाबाईची स्वतःची गोधडी, असे घेऊन तो बुडी मारायचा, वर यायचा, पुन्हा बुडी. वरून केशोराव पायाने दाबायचा. कोहळी आणि ढिवर! आणि टोपल्या — त्या टोपल्यांतून बायका ओल्या फडक्यांत मासे गुंडाळून डोहाच्या मध्याकडे नेत होत्या. एकीनेही घराची वाट धरली नाही. मी लोटा घेऊन उतरलो. लोट्याने काय होणार? पण ओतत राहिलो. पुरीला तरी लोट्याने काय झाले असेल!

सेठ आला तो तापूनच. “ये मेरा माल है! पैसा भरा है मैंने!”

देवकाबाई छातीएवढ्या पाण्यातून म्हणाली, “तुमाले माय हाय का, सेठ?”

“है. तो?”

“मंग पोटुशीले माल म्हणू नोका.”

मी मध्ये पडलो. भांडण वाढू नये म्हणून त्याला बाजूला बसवले, आणि दुसरे काही सुचेना म्हणून पुरीची गोष्टच सांगितली! सगळी. देवमासा, लोटे, ओले जुनेर, डोळ्यावर धरणारी ती पोर. “पुरी?” एवढे एकदा म्हणाला. मग मोठ्याने हसला. “गुरुजी, आप भी ना! कहाँ समंदर, कहाँ ये छोटी-सी बोडी.” उठला, धोतर झटकले. जाताना फिरून म्हणाला, “पोलीस लेके आऊँगा. ठेका लिखा हुआ है.”

 कागद त्याच्याकडे.

सूर्य माथ्यावर आला तेव्हा पाटातली धार बारीक झाली. मग थेंब. मग तेही नाही.

१९ एप्रिल

अंग ठणकते आहे. झोप मात्र अशी लागली! हिने उठवले नाही. उठलो तर पाट कोरडा. भोकातले तणस धरून आहे!

२१ एप्रिल

डोह उतरला आहे खरा, पण आहे. काही गेल्या. दुधराम म्हणतो, पुष्कळ वाचल्या. एक मरळ तर आपल्या तांबड्या पिलांचा थवा घेऊन कडेकडेने फिरते आहे. मी टाळी वाजवली, तर पिले खाली आणि माय माझ्या अंगावर धावल्यासारखी पुढे! गंमत वाटली. माफ कर बाई, म्हटले.

केशोराव रोज पाळीवर येऊन बसतो. बोलत नाही. आज देवकाबाईपुढे नवी गोधडी ठेवली, त्याच्या बायकोने शिवलेली. ती उलटीपालटी करून म्हणाली, “टाके मोठे हायेत गा. पण ऊब येईन.”

त्याचे खांदे सैल झाले. माझेही.

२२ एप्रिल

बीजासालाचे नवे लाकूड आणले. केशोराव स्वतः खुंटा तासतो आहे. पाण्यात फुगल्यावर किती होईल तेवढी जागा सोडून! पोरांना बोलावून दाखवतो. काढला तर काय होते, तेही सांगतो. आता शिकवणे पुरे झाले.

२५ एप्रिल

पोलीस आला नाही. सेठही नाही. हे बरे की वाईट?

पाटाकडे कान जातो. एखादी बैलगाडी वाजली की दारात येऊन पाहतो. ही म्हणते, “येईन तं येईन. डोह काय खिशात घालून नेते तो?” पण कागद त्याचा आहे. तो माणसे आणील, मोठी जाळी आणील, दिवसभरात डोह ओरबाडून नेईल, आणि आम्हाला पाळीवर उभे राहून पाहावे लागेल. एवढे केलेले सगळे...

नको. आज एवढेच.

२८ एप्रिल

नाही आला. नवा खुंटा बसला. वरून केशोरावने घाव घातला, खाली दुधराम. तो वर आला, तोंडातले पाणी थुंकून हसला. “घट्ट हाय जी!” बायकांनी पाळीवर नारळ फोडला.

आज ओळ सुचली, पण यमक जुळेना. राहू दे. सुटल्यासारखे वाटते आहे, तेच लिहितो.

२ मे

दुपारी दारात छकडा थांबला. उतरला तो घनश्यामसेठ! मला वाटले, मागून पोलीस. पण त्याने आपल्या पाठीमागे हात दिला, आणि एक म्हातारी उतरली, पांढरे लुगडे, काठी, कमरेत वाकलेली. थेट उंबऱ्यावर येऊन बसली, आणि त्याच्याकडे काठी रोखून म्हणाली, “सांग.” तो मान खाली घालून म्हणाला, “डोह छोड़ दिया, गुरुजी. माय नहीं मानती.”

मला काही कळेना. ती डोळे बारीक करून माझ्याकडे पाहात राहिली. “हा घरी सांगून हासून राहिला होता. म्हणे, पुरीच्या देवमाशाले एका मास्तरनं लोट्यानं पाणी घातलं. मी ताटावरून उठली. चिचगडची मी. सुशी.”

मग माझा हात धरला.

“तुमी तं गाडीले निघून गेले. मायले ताप होता, आमी राहिलो. सांजच्याला भरती आली. त्यानं एकडाव फूऽऽस् केलं, मले चिंब भिजवली, अन् गेला जी तो. गेला!”

ही आतून विचारते आहे, “कोन आलं हो?”