सही होईपर्यंत

बाई, तुमच्या धाकट्या भावाचा फोटो अजून माझ्याकडे आहे. तुम्ही गेलात त्या वयाची मी आता झाले. काल कपाट आवरताना तो हातात आला आणि मी पुन्हा उलटून पाहिला. मागे काही लिहिलेलं नाही, हे मला पाठ आहे. तरी पाहिलं.

जर्मन शिकायला तुमच्याकडे येऊ लागले तेव्हा मी कॉलेजात होते. पुण्यातल्या एका इंजिनियरशी लग्न करून तुम्ही जर्मनीहून इथे आलात, त्याला तेव्हाच तीस वर्षं झाली होती. सासूबाईंकडून उचललेलं तुमचं मराठी आमच्यापेक्षा शुद्ध, ळ आणि ण ठणठणीत. शिकवणी दिवाणखान्यात नाही, स्वयंपाकघरात चालायची, कारण तुमचे हात रिकामे राहत नसत. बटाट्याची सालं तुम्ही इतकी पातळ काढायचात की त्यातून पलीकडचं दिसावं. एका चतुर्थीला उपास म्हणून मी नुसता चहा घेतला आणि तुम्ही हसलात. "घरी जाऊन खिचडी खाशील. आमच्याकडे पहिल्या महायुद्धात एक अख्खा हिवाळा सलगमावर काढला. सलगमाची भाजी, सलगमाचा मुरंबा, भाजलेल्या सलगमाची कॉफी." मग सुरी खाली ठेवून तुम्ही पुढचं सांगितलंत. लढाई थांबली त्या दिवशी तुमच्या आईने खिडकीत दिवा लावला होता. आता धान्याची जहाजं येतील, असं सगळ्यांना वाटलं. जिंकलेल्यांनी ती अडवूनच ठेवली, तहावर सही होईपर्यंत. सही व्हायला उन्हाळा उजाडला. भाऊ फेब्रुवारीत गेला, दोन वर्षांचा होता. तहाची कलमं छापून आली तेव्हा तुमच्या वडिलांनी ती जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचली. मुलूख गेला, कोळसा गेला, आणि युद्धाचा दोषही आपलाच. दोषाचं कलम ऐकताना आई उठली आणि भावाची उंच खुर्ची माळ्यावर टाकून आली. पुढे कित्येक वर्षं शत्रूचे शिपाई तुमच्या गावात होते. ते समोर आले की वडील टोपी काढून फुटपाथवरून खाली उतरत. "तुम्ही पुण्याचे लोक पानिपत सांगता ते ऐकलेलं," तुम्ही म्हणालात. "माझं मी जेवलेलं आहे."

घरी मी हे जसंच्या तसं सांगितलं. माझे वडील इतिहास शिकवून निवृत्त झालेले. सुपारी कातरता कातरता म्हणाले, "हरलेले लोक भुकेपर्यंतच गोष्ट सांगतात. हिटलर काय आपसूक आला? बाईंच्या वडिलांनी मत कुणाला दिलं, ते विचार एकदा."

मी विचारलं.

"क्रियापदं पाठ झाली का?"

"झाली."

"मग पुन्हा करा."

नेहमी अगं-तूगं करणाऱ्या तुम्ही त्या दिवशी मला अहोजाहो केलंत. मला ते फार लागलं, आणि लागलं तसा संशयही बळावला. पुढचं लपवतात, तर मागचं खरं कशावरून? भावाचं नाव तुम्ही कधी घेतलं नव्हतं. भिंतीवर सासरच्या सगळ्यांचे फोटो, त्याचा एकही नाही. मग मला एक युक्ती सुचली. तिची अजून लाज वाटते. मंडईतून मी चार सलगम घेतले, कागदात गुंडाळले आणि भेट म्हणून तुमच्या ओट्यावर ठेवले. हिवाळाभर ज्याने तेच खाल्लं, तो माणूस तोंड फिरवील, असा माझा हिशेब. तुम्ही कागद सोडलात. मग ते चिरून नुसत्या मिठात शिजवलेत आणि माझ्यासमोर बसून खाल्लेत.

घरी येऊन मी वडिलांना सांगितलं, "बाईंनी मिटक्या मारत खाल्लं." वडिलांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी ते पर्वतीवर फिरायला गेले, आणि पर्वतीवर सांगितलेली गोष्ट दुपारच्या आत सगळ्या पेठांत पोचते. पंधरवड्यात दोन मुली शिकवणी सोडून गेल्या. तिसरीच्या आईने तुम्हाला दारातच विचारलं, "अहो, तो भाऊ खरंच होता का?" मी तेव्हा आत तुमच्या टेबलाशी बसले होते. तुम्ही तिला काय उत्तर दिलंत ते मला ऐकू आलं नाही. आत आलात, कपाटातून हा फोटो काढलात आणि माझ्या वहीवर ठेवलात. उंच खुर्चीत बसलेलं, झबलं घातलेलं मूल, डोळे जरा मोठे.

"ठेव तुझ्याकडे. आता कुणी विचारलं तर तू दाखव." मग अगदी सावकाश म्हणालात, "आणि वडिलांनी हिटलरलाच मत दिलं. टोपी काढायला लागू नये म्हणून दिलं, असं म्हणायचे. शेवटपर्यंत त्यांना त्याचं काही वाटलं नाही. दोन्ही खरं आहे. तुला एकच हवं होतं."

बाई, मी तुमच्यादेखत तो फोटो उलटला, तारीख बघायला. तुम्ही ते पाहिलंत आणि बटाटे सोलायला घेतलेत. त्यानंतर मी वर्षभर येत राहिले. तुमच्याच जर्मनवर पुढे नोकरी मिळाली, पुण्याजवळच्या मांजरी गावात, साखर-संशोधनावरच्या कागदांची भाषांतरं करायची. स्वारगेटहून बसने जाताना कधीकधी वाटायचं, उतरावं, तुमच्याकडे जावं, सांगून टाकावं. उतरले नाही. फोटोही कुणाला दाखवला नाही. दाखवला असता तर आधीचं माझं बोलणं खोटं ठरलं असतं.

हे पत्र फोटोबरोबर कपाटातच राहील. जे वर लिहितानाही मी गाळून पुढे गेले, ते इथे लिहिते. त्या दिवशी तुम्ही सलगमाच्या तीन फोडी खाल्ल्यात. प्रत्येक घासाबरोबर पाणी प्यालात, आणि तिसरी बराच वेळ तोंडात धरून मग गिळलीत. मी समोरच होते, सगळं पाहिलं होतं. मिटक्या मी घरी जाताना वाटेत घातल्या.