बरणीतला दगड

ता. ५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पोचलो आणि कामालाही लागलो. जीन्स धुण्याचा कारखाना आहे. धुणं कसलं, कोऱ्या पँटी जुन्या करायच्या. ड्रममध्ये पँटी आणि प्यूमिसचे, म्हणजे ज्वालामुखीचे हलके, भोकाभोकांचे दगड एकत्र फिरतात, दगड घासून घासून निळा रंग उतरवतात. लोकांना विटकंच आवडतं म्हणे. नवा दगड धारदार असतो, म्हणून आधी रिकाम्या ड्रममध्ये फिरवून त्याच्या कडा मारायच्या, मगच कापड टाकायचं. नाहीतर कापडाच्या चिंध्या. मुकादम हे रोज बजावतात, जणू मी बहिरा आहे.

कॉलेजातले सर भेटले तर माझं काही सांगू नकोस. आधी पदवी दाखव, मग माझ्या मुलीचं विचार, असं त्यांनी अख्ख्या वर्गासमोर सुनावलं. कॉलेज अर्धवट सोडून त्यांची पदवी मी त्यांच्याच टेबलावर ठेवून आलो. पण निघताना तिने प्रयोगशाळेतला प्यूमिस माझ्या हातात ठेवला, आणि म्हणाली की हा पाण्यावर तरंगतोय तोवर मी थांबेन. हसत म्हणाली, पण म्हणाली. तोच तुझ्याकडे पाण्याच्या बरणीत ठेवून आलोय. दर पत्रात त्याची खबर दे. भाचीला हात लावू देऊ नकोस, आणि भावोजींना टाचा घासायला तर मुळीच देऊ नकोस.

लोभ तुझा असू दे, राग माझ्यापाशी भरपूर आहे.

तुझा
भडक्या

ता. २० मार्च

चि. भडक्यास अनेक आशीर्वाद.

दगड तरंगतोय. तुझे भावोजी चहा पिताना बरणीकडे बघतात आणि मेव्हण्याची तब्येत ठीक आहे असं जाहीर करतात. भाची त्याला मामा म्हणते.

ती दर रविवारी येते. सरांनी एक स्थळ आणलंय, पण तिने होकार दिलेला नाही. उरलेल्या परीक्षा बाहेरून देता येतात, अशी चौकशी तिने करून ठेवली आहे. तुला लिहिणार नव्हते, तू लगेच फणा काढतोस. पण विचार कर. वेळेवर जेव, आणि उत्तर डोकं थंड असताना लिही.

माया आहे तशीच आहे, पत्र मात्र वेळेवर येऊ दे.

तुझी
ताई

ता. २ एप्रिल

ताई,
आज नमस्कार राहू दे.

कारखान्यातला हौद उपसला. तळाशी प्यूमिसचा खच होता. पाण्यात राहिला की तो महिन्याभरात बुडतो. का, ते मला कुणी सांगायला नको. ज्वालामुखीतून उकळता रस फेसासकट उडतो आणि फेस मोडायच्या आतच थिजतो. म्हणून दगडभर भोकं आणि भोकांत हवा. पाणी एकेक भोक भरत जातं आणि दगड खाली बसतो. एवढं तर मी अर्ध्या कॉलेजातही शिकलो.

मग तुझ्या बरणीतलाच कसा तरंगतो? तू मला लहान पोरासारखं थोपटून निजवतेस. म्हणजे तिने होकार दिलाय. मला कुणाची दया नको. तिला आजच लिहून टाकलं की दगड बुडाला, शब्द सुटला, आता वडिलांच्या पसंतीचा पदवीधर कर. आणखीही लिहिलं, ते तुला सांगण्यासारखं नाही.

लोभाचं तुझं तू बघ.

भडक्या

ता. १९ एप्रिल

चि. भडक्यास,
आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, तरी आहेत.

दगड बुडतो हे आम्हा दोघींना पहिल्याच महिन्यात कळलं. ती आली तेव्हा तो तळाशी बसला होता. मी घाबरले. तिने बाही वर केली, दगड काढला, रुमालाने पुसला आणि खिडकीत उन्हाला ठेवला. दमला असेल बिचारा, म्हणाली. वाळल्यावर परत तरंगला. मग हे दर थोड्या दिवसांनी चालू झालं. घाई असली की तव्यावर गरम करायची. तुझे भावोजी विचारायचे की आज जेवायला दगड आहे का. ती त्यांच्याहून जास्त हसायची. तरंगतोय असं मी लिहिलं ते खरंच होतं. तो तरंगावा म्हणून ती येत होती.

या रविवारी तुझं पत्र पर्समध्ये घेऊन आली. मला वाचायला दिलं नाही. दगड पुन्हा खाली बसला होता. ती बरणीसमोर बराच वेळ बसली, पण बाही वर केली नाही. बुधवारी तिने त्या स्थळाला होकार कळवला.

दगड अजून तळाशीच आहे. काढू का, ते कळव.

ताई

ता. ३० एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आज नवे दगड न फिरवताच पँटींवर ओतले. अख्खा ड्रम फाटला. मुकादमांना वाटलं मी विसरलो. मी हो म्हटलं.

बाहेरून परीक्षेची चौकशी तिने कुठे केली होती, ते विचारशील का? नाही, नको. तिला आता काहीच विचारू नकोस.

दगड काढू नकोस. भाचीला सांग, मामा झोपलाय.

लोभ उरला असेल तेवढा पुरे.

तुझा
भडक्या