मागच्या चाकाचं तेल आणि दारिंकाचं पीठ

टक टक टक टक, मग थांबा, मग टक टक टक टक टक टक. कूम वुकाशिन, ऐकू येतंय का? आपल्या अक्सेंतिये मास्तरांची पट्टी, बाकाच्या कडेवर. चार अक्षरं, मग श्वास, मग सहा. तू दर वेळी श्वास गाळायचास आणि पट्टी बाक सोडून तुझ्या बोटांवर यायची. "ओळीला श्वास घेऊ दे, गाढवा, नाहीतर कुठून तरी फुटेल!" मला मात्र कधी मार बसला नाही, कारण शाळेत कविता एवढा एकच विषय मला येत होता. (पुढे जन्मभर डोंगरात टपाल वाटताना त्याचा मला किती उपयोग झाला, हे तू पाहिलंच आहेस.)

तर माझ्या लग्नाचा साक्षीदार, म्हणजे आमचा कूम, आणि म्हणून भावाहून जवळचा जो तू, त्या तुला साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? गाय दूध देते ना? आमच्याकडे तुझी वहिनी दारिंका ठणठणीत आहे, कुत्रा ठणठणीत आहे, मीही बरा आहे. आजारी आहे ती फक्त माझी मोटरसायकल. दम धरून वाच, कारण हा आजार तुझ्याशी संबंधित आहे.

गेल्या महिन्यात तू फोनवर म्हणालास, यंदा घराण्याच्या संताचा दिवस नाही करायचा. माझी मिलुंका गेली, आता मेणबत्ती कुणासाठी लावू आणि सणाचा पाव भाजणार कोण? दारिंकाने माझ्या हातातून फोन ओढला आणि म्हणाली, "पाव मी भाजते भावजी, घेऊन येते, तू फक्त सुरी धुऊन ठेव." मी मागून ओरडलो, "मोटरसायकलवरून येतो!" तू हो म्हणाला नाहीस, नाहीही म्हणाला नाहीस, फोन ठेवलास. तेव्हापासून मी आणि ती मोटरसायकल, आम्हा दोघांनाही झोप नाही. कारण तुझ्याकडची बस आठवड्यातून एकदा, गुरुवारी, आणि सण शनिवारी, तोवर पाव शिळा. मोटरसायकल चालली तर तुझ्या घरी पाव, नाहीतर तू एकटा टेबलाशी. एवढं सरळ गणित तर मलाही येतं.

म्हटलं, जायचं तर थाटात जाऊ. गाडी धुतली, घासली आणि वरपासून खालपर्यंत बाटलीसारखा हिरवा रंग दिला. तीन थर. शेजारचा स्रेतेन कुंपणावर कोपरं टेकून म्हणाला, "कविराज, गाडी रंगवताय की शवपेटी?" मी ब्रश फिरवत राहिलो. मनात दहा अक्षरांची एक ओळ जुळत होती. (माझ्या गाडीचं इंजिन सावकाश चालताना अगदी मास्तरांच्या पट्टीसारखं बोलतं: चार, मग एक ठोका रिकामा, मग सहा. दारिंका म्हणते, त्याला इंजिन खराब असणं म्हणतात.)

मग दारिंकाला गाडीच्या बाजूला जोडलेल्या डब्यात बसवून खिंडीपर्यंत चक्कर मारली. चढ मजेत गेला. उतारावर ब्रेक दाबला आणि ब्रेकने माझं काहीही ऐकलं नाही. वळणाखाली स्रेतेनची गवताची गंजी नसती, तर हे पत्र तुला दुसऱ्या कुणीतरी लिहिलं असतं. दारिंका गवतातून उठली, डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि एवढंच म्हणाली, "आता या डब्यात मी मेल्यावरच बसेन."

पाहतो तर मागचं चाक तेलाने न्हालेलं. तुझ्या ट्रॅक्टरला माहीत नसेल, पण माझ्या गाडीला साखळी नाही. इंजिनापासून एक दांडा मागे जातो आणि चाकापाशी गिअरच्या छोट्या पेटीत शिरतो. त्या पेटीतलं तेल ब्रेकमध्ये उतरत होतं. मी म्हटलं, सील गेलं, म्हणजे तेल अडवणारी ती रबरी कडी. वाल्येवोच्या बाजारातून नवं सील आणलं, बसवलं, पुन्हा तेल. म्हटलं, सील उलटं बसलं. काढून उलटं बसवलं. आता दुप्पट तेल, म्हणजे आधी सुलटंच होतं. म्हटलं, तेल जास्त भरलंय, थोडं काढलं. म्हटलं, खालचा नट ढिला आहे. इतका आवळला की पाना वाकला. आणि गंमत पाहा, गोठ्यात रात्रभर उभी ठेवली की थेंब नाही, खाली अंथरलेला पुठ्ठा कोरडा. घाट चढून तापली की मात्र धार. माझ्यासारखीच. घरात गप्प, चढ लागला की सगळं बाहेर.

शेवटी मला टपाल खात्यातल्या एका जुन्या मेकॅनिकची युक्ती आठवली: पेटी पुसून कोरडी करायची, वर पांढरी भुकटी भुरभुरायची, गाडी फिरवून आणायची; जिथे भुकटी ओली, तिथे गळती. भुकटी कुठली, हे आत्ता विचारू नकोस. मी सढळ हाताने भुरभुरली आणि खिंडीपर्यंत जाऊन आलो. परत येईपर्यंत पेटी तापलेली, तेल तापलेलं, आणि सगळ्या गल्लीत तळलेल्या भज्यांचा वास. स्रेतेन ताटली घेऊन फाटकाशी आला. "दारिंका भजी तळतेय का?" मी म्हणालो, नाही, गाडी. तो ताटली घेऊन गाडीपाशी आला आणि वाकून वास घेतला.

उलगडा झाला तो काल, हिवाळ्यासाठी कोबी आंबत घातलेल्या पिंपापाशी. पिंपातल्या खाऱ्या पाण्यात रोज नळीने हवा फुंकायचं काम माझं. (तेवढंच माझ्यावर सोपवलेलं आहे.) परवा झाकण मी फारच घट्ट दाबलं होतं, म्हणून खारं पाणी फळ्यांच्या सांध्यातून वाहत होतं. दारिंका कमरेवर हात ठेवून म्हणाली, "वरून कोंडशील तर खालून फुटणारच ना!" मी नळी टाकून गोठ्याकडे पळालो. पेटीच्या डोक्यावर हवेचं एक बारीक भोक असतं, ते पार बुजलेलं होतं! सुईने टोकरलं. कूम, इतका लांब सुस्कारा मी अक्सेंतिये मास्तरांच्या वर्गातही ऐकला नव्हता. ब्रेक धुतला, सील सुलटं केलं, दोनदा घाट चढलो. पेटी कोरडी, ब्रेक शहाणा. तेव्हा शनिवारी आम्ही येतोय. तू सुरी धुऊन ठेव.

तुझा,
ओब्राद

ता. क. वर मी लिहिलंय की भोक "बुजलेलं होतं". कशाने, ते तू विचारणारच. हिरव्या रंगाने. तिन्ही थर.

ता. क. २. आता मूळ काम. ती पांढरी भुकटी म्हणजे दारिंकाने तुझ्या पावासाठी वरच्या फळीवर जपून ठेवलेलं बारीक पीठ. सगळं संपलं. तिला अजून माहीत नाही. तेव्हा तुझ्या गिरणीतलं थोडं पीठ बसच्या ड्रायव्हरबरोबर गुपचूप पाठव, आणि वर म्हण की घराण्याचा पाव घरच्याच पिठाचा हवा, अशी तुझी इच्छा आहे. तुझी इच्छा नसली तरी म्हण. आणि वुकाशिन, तेवढी मेणबत्ती लाव रे. मिलुंका दर वर्षी ती लावताना तुझ्यावर ओरडायची, की काडी ओली का ठेवलीस. आता ओरडायला दारिंका येईल.

ता. क. ३. थांब, कुत्रा भुंकतोय, आणि तसा तो एकाच माणसावर भुंकतो. दारिंका दारात जाऊन उभी राहिली आहे, हात पुसत, आणि तिला अजिबात नवल वाटलेलं दिसत नाही. हां! आज गुरुवार, बसचा दिवस, म्हणजे माझं हे पत्र तुला वेळेत पोचणारच नव्हतं. फाटकातून कुणीतरी ओरडतंय, "अरे ओब्राद, तुझ्या मोटरसायकलने माझा पाव खाल्ला म्हणे!" काळी टोपी, लंगडा गुडघा, खांद्यावर पिठाची पिशवी. आणि काखेत, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, नवी लांब मेणबत्ती.